ठोकून बसवलेला पाच

मित्रांनो, मी एक जुनी स्प्रेडशीट आहे, म्हणजे संगणकात राहणारा आकड्यांचा तक्ता. माझ्यासारख्यांचा तुम्हाला कंटाळा येत असेल, त्यात नवल नाही. पण मला एका गोष्टीची फार लाज वाटते आणि ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

अमेरिकेतल्या डुलुथ गावातल्या चढावर, व्हर्लिन टोस्त्रूड यांच्या गॅरेजमध्ये माझा जन्म झाला. व्हर्लिन शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करीत आणि शनिवारी शेजारच्या काझ यांच्याबरोबर घरीच बिअर बनवत. मॉल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य किती घ्यायचे, हॉप्सची कडू फुले केव्हा टाकायची, बाटल्या भरताना फेसासाठी साखर किती घालायची, हे मी सांगावे म्हणून त्यांनी तीन आठवडे खपून मला तयार केले. पहिला घाणा जमला तेव्हा काझ म्हणाले, "पोरीपेक्षा हिलाच जास्त जपतोस की रे तू." मी फुलून गेले. पुढे बिअर बनवणाऱ्यांच्या क्लबातही माझे कौतुक झाले. चारपाच जण माझी नक्कल मागून घेऊन गेले.

आमचा घाणा ठरलेला असे, पाच गॅलनचा. एकदा बाटल्या भरताना 'बिअर किती' या चौकटीत मी आकड्याऐवजी काहीतरी वेडेवाकडे दाखवू लागले. त्या चौकटीत एक सूत्र होते. वर लिहिलेले माप ते वाचून घेई. काझ नळी धरून उभे होते आणि बिअर फरशीवर गळत होती. व्हर्लिन वैतागले आणि सूत्रावरच सरळ पाच ठोकून मोकळे झाले.

"नंतर बघतो," ते म्हणाले.

सूत्र गेले, पाच राहिला. नंतर कुणी बघितले नाही. घाणे सगळे पाच गॅलनचेच, त्यामुळे माझे उत्तर दर वेळी बरोबर यायचे. काही वर्षांत मलाही त्या पाचाचा विसर पडला.

मग एका जूनमध्ये काझ यांनी स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या कोवळ्या शेंड्यांची बिअर करायची टूम काढली.

"झाडाचा चीक पाजणार का मला?" व्हर्लिन म्हणाले.

"अर्धाच घाणा करू. नाही आवडला तर दे तुझ्या मेव्हण्याला. तो काहीही पितो."

व्हर्लिननी वर अडीच गॅलन लिहिले. मी मात्र साखरेसाठी खालच्या पाचाकडे बघितले आणि नेहमीसारखे चार औंस सांगितले. हवे होते दोन. काझ यांनी काट्यावर चार औंस साखर मोजली आणि बाटल्या त्यांच्या तळघरात गेल्या.

बाराव्या दिवशी काझ यांच्या पत्नी लॉरेन बटाटे आणायला खाली उतरल्या. साखर जास्त झाली की बाटलीत दाब वाढतो. एक बाटली फुटली आणि काच लॉरेन यांच्या उजव्या हातात घुसली. जखम भरली, पण अंगठ्याशेजारचे बोट पुन्हा पूर्ण वाकले नाही. चर्चच्या जेवणासाठी शेकडो पिरोग्यांना, करंज्यांना घालतात तशी मुरड घालणारे बोट होते ते.

दुसऱ्या दिवशी काझ गॅरेजमध्ये आले. व्हर्लिननी मला उघडले. चार हा आकडा इतका ओळखीचा होता की तो त्यांना खटकला नाही.

"तक्ता चार म्हणतो. तू किती घातलीस?"

"चारच."

"चार असते तर फुटली नसती, काझ. चष्मा लावला होतास का?"

काझ यांनी चष्मा लावला नव्हता. "मग माझंच चुकलं असेल," असे म्हणून ते निघून गेले आणि पुन्हा आले नाहीत. अडीच वर होते, पाच खाली होता, दोन्ही एकाच पडद्यावर. आणि मी चार, चार म्हणत ठामपणे उजळत होते.

दोन वर्षे गेली. क्लबात सगळ्यांनी मिळून एखादे सॉफ्टवेअर घ्यावे अशी चर्चा निघाली. व्हर्लिननी विरोध केला. "ज्याच्या पोटात डोकावता येत नाही त्याच्यावर मी माझी बिअर सोडणार नाही."

त्यांची मुलगी मारितही क्लबात होती. ती म्हणाली, "बाबा, तुमच्या तक्त्याच्या पोटात तुम्ही शेवटचं कधी डोकावलात?"

मंडळी हसली. जुने पाच घाणे दोन्हींकडून तपासायचे ठरले. रविवारी सकाळी बापलेक स्वयंपाकघरात बसले. चार घाणे तंतोतंत जुळले. पाचवा स्प्रूसचा. सॉफ्टवेअर दोन औंस म्हणाले, मी चार.

मारितने पडद्यावर बोट ठेवले. "इथे सूत्रच नाही, बाबा. कुणीतरी पाच ठोकलाय."

व्हर्लिनचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "सॉफ्टवेअरच घेऊ. हिला पुसून टाक."

"आणि काझकाका?"

"दोन वर्षं झाली. आता कशाला उकरून काढायचं?"

"लॉरेनकाकूंचं बोट स्वतःच्या चुकीनं गेलं असं वाटतंय काकांना. अजून."

मित्रांनो, खरे सांगते, मला पुसून टाकावे असे मलाही वाटले. माझ्याबरोबर तो पाचही गेला असता आणि कुणाला काही कळले नसते. फुटलेल्या बाटलीपेक्षा मला या विचाराची जास्त लाज वाटते.

व्हर्लिननी लॅपटॉप मिटला, कोट चढवला आणि मला काखेत घेऊन ते काझ यांच्याकडे गेले. लॉरेन कणीक लाटत होत्या आणि मुरड काझ घालत होते. ती त्यांना नीट जमत नव्हती. व्हर्लिननी मला पिठाच्या टेबलावरच उघडले.

"हा पाच मी घातला होता. तू बरोबर मोजलं होतंस. चष्म्याचं मी उगाच बोललो."

काझ यांनी हात पुसले, चष्मा लावला आणि माझ्याकडे खूप वेळ बघितले.

"चारच मोजले होते मी," ते म्हणाले. मग लॉरेनकडे वळून पुन्हा म्हणाले, "लॉरेन, चारच मोजले होते."

"मी कधी तुला विचारलं होतं का?" लॉरेन म्हणाल्या. मग त्या व्हर्लिनना म्हणाल्या, "बस तू. पण कॉफी नाही देणार मी आज."

चाळीस वर्षांत त्या घरात कॉफीशिवाय कुणी बसले नव्हते. व्हर्लिन मान खाली घालून बसले.

क्लबाने सॉफ्टवेअर घेतले, ते योग्यच झाले. मला पुसले नाही. सूत्र परत बसवून व्हर्लिननी शेजारी लाल अक्षरांत काय घडले ते लिहून ठेवले आहे. मित्रांनो, तुम्ही तक्ता वापरा की सॉफ्टवेअर, आम्ही चुकीचे उत्तरही बरोबर उत्तराइतक्याच ठामपणे देतो, हे विसरू नका. घाईत काही ठोकून बसवलेत तर त्याच दिवशी नीट करा. आणि माणसाच्या माथी चूक मारण्याआधी आमच्या पोटात एकदा डोकावा. आम्हाला काझ यांच्या दारात पोचायला दोन वर्षे लागली. घर शेजारचेच होते.