धोंडुबाईच्या गाठी

“बाकी काय बी कर पोरी, पण त्या दोऱ्यांना कात्री लावू नकोस. त्यात आमची पणजी हाय.”

ट्रंक ताब्यात देताना शिवाजी पेठेतल्या ऐंशी वर्षांच्या आण्णांनी एवढंच बजावलं होतं. पूर्णिमा ‘हो हो’ म्हणाली आणि जिना उतरेपर्यंत विसरलीही.

ट्रंकेत आण्णांच्या पणजोबांचे कागद होते. प्रोफेसर गणपतराव दीडशे वर्षांपूर्वी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचे आणि दर रविवारी प्रार्थनेच्या मंडळीत प्रवचन करायचे. अशी ब्याण्णव प्रवचनं, उभी घडी घालून दोऱ्यानं बांधलेली. त्यांची यादी करायचं काम कॉलेजच्या ग्रंथालयानं पूर्णिमाला दिलं होतं. इतिहासात एम.ए., आणि घरी बसून करायचं काम. कोल्हापुरात, कळंब्याच्या फ्लॅटमध्ये आठ महिन्यांची अवंतिका सांभाळून यापेक्षा बरं काय मिळणार?

पण अवंतिका रांगायला लागली होती. जे दिसेल ते तोंडात. दोरा घशात अडकला तर? पूर्णिमानं मोबाइलवर वाचलं, आणखी वाचलं. मग कात्री घेतली आणि एका दुपारी ब्याण्णव दोरे कचकच कापून पिशवीत भरले. सकाळी घंटागाडी आली, पिशवी गेली. प्रवचनं तारखेप्रमाणे लागली, फाइलीत बसली. काम कसं चकाचक!

महिन्याभरानं आण्णांचा फोन आला. “रविवारी माझं सहस्रचंद्रदर्शन हाय. तू बाळाला घेऊन यायचंच. आणि येताना तीन गाठींचं प्रवचन घेऊन ये. वाचणार हाय मी.”

“तीन गाठींचं म्हणजे?”

“अगं, पणजीला कुठं लिहाय-वाचाय येत हुतं? धोंडुबाई मंडळीत मागं बसायची आणि घरी आल्यावर दोऱ्याला गाठी मारायची. लोकांनी डुलक्या काढल्या, एक गाठ. माना डोलावल्या, दोन. आणि लोक जेवणखाण विसरलं, तर तीन. तीन गाठींचं आख्ख्या ट्रंकेत एकच हाय. आजीनं सांगितलेलं. मी कधी उघडून बघितलं न्हाय, म्हटलं एक्क्याऐंशी झाली की वाचू.”

पूर्णिमानं फोन ठेवला. म्हातारा माणूस एका कागदासाठी आयुष्यभर थांबला, आणि आपण तो घंटागाडीत घातला. कागद नव्हे, त्याची खूण. पण खूण गेल्यावर ब्याण्णवातला तो एक ओळखायचा कसा? वाचून? तिनं तीन वाचली. तिसऱ्याला तिचीच मान पडली.

शनिवार उजाडला. अवंतिका किरकिरत होती. आठ दिवस दात येणार येणार म्हणून पूर्णिमा दिवसातून दहा वेळा तिच्या हिरडीवरनं बोट फिरवत होती. आताही फिरवलं. दिसत काही नव्हतं, पण बोटाला बारीकसं टोक लागलं. आला!

आणि बोट तसंच हवेत राहिलं. डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागतं.

तिनं हात धुतले, पुसले, पहिलं प्रवचन पुन्हा घडीवर दुमडलं आणि कडेवरनं बोट फिरवलं. दोऱ्याचा बारीक चर लागला, आणि त्यात एक खळगा. दीडशे वर्षं गाठ रुतून बसली होती. कात्रीनं दोरा गेला, गाठीची जागा कुठं जाणार? पुढचं. एक खळगा. पुढचं. एकच. गणपतरावांनी कोल्हापूर किती झोपवलं होतं याचा हिशेब बोटाला लागत होता, आणि पूर्णिमा एकटीच हसत होती. सत्तावन्नाव्याला बोट थांबलं. एक, दोन, तीन.

तिनं न वाचता ते पाकिटात घातलं.

रविवारी शिवाजी पेठेत तालमीच्या वरच्या खोलीत आण्णांना एक्क्याऐंशी दिव्यांनी ओवाळलं. पुण्याचा मुलगा आला होता, आजऱ्याची लेक काजू घेऊन आली होती. पूर्णिमानं पाकीट पुढं केलं आणि एका दमात सगळं कबूल केलं.

“कात्री लावलीस व्हय?” आण्णा ओरडले. “आणि बोटानं हुडकलंस? मग पणजीच्या वर्गात पास झालीस की! बस खाली.”

त्यांनी चष्मा चढवला. प्रवचन चारच ओळींचं निघालं.

‘आज मी बोलणार नाही. आपल्यातले जे आज आलेले नाहीत, त्यांच्या घरी जाऊन चौकशी करावी. नंतर घरी जावे. प्रार्थना तीच.’

“म्हणून जेवण विसरलं लोक!” लेक म्हणाली.

“आमचं न्हाय विसरायचं,” मागनं कुणीतरी बोललं आणि हशा पिकला. आण्णाही हसले. मग कागद घडी करत सहज म्हणाले, “आज सगळी आलाय. उद्यापासनं हितं कोण न्हाय येणार, तेवढं बघा.”

पंगत बसली. अवंतिकाच्या तोंडात वाटी टक्कन वाजली, सगळ्यांनी दात बघितला.

पूर्णिमानं दुसऱ्या दिवशी यादी पुरी केली. सत्तावन्न क्रमांकाच्या पुढं, शेऱ्याच्या रकान्यात, तिनं लिहिलं:

‘मूळ दोऱ्याला तीन गाठी होत्या. दोरा यादी करणारीनं कापला, चूक तिची. खुणा बोटाला लागतात. हा कागद मागवून वाचणाऱ्यांना विनंती: वाचून झालं की शिवाजी पेठेत, तालमीच्या वरच्या खोलीत, आण्णांकडे एकदा जाऊन या. एकटेच असतात. हाक जरा मोठ्यानं मारा, आणि ‘ओ’ येईपर्यंत जिन्यातनं परत फिरू नका.’