सगळ्यांना एकेक

नम्रताने बाहुल्याच्या कॉलरमागे अडकवलेली छत्री काढली आणि टेबलाखाली, जुन्या बॅनरच्या घडीत सरकवून दिली.

"अगं, ती का काढलीस?" सुयोग शिडीवरून म्हणाला. त्याच्या ओठांत दोन खिळे होते. "छत्रीशिवाय तो गोळीवाला वाटतच नाही. शाळेचा शिपाई वाटतो."

"पडदा सरकताना अडकते."

दर्शना जंतूंना हिरवा रंग देत होती. तिने एकदा नम्रताकडे पाहिलं आणि पुन्हा ब्रश बुडवला.

टोकावड्याच्या गणेश मंडळाचा यंदाचा देखावा या तिघांनी अंगावर घेतला होता. तिघंही कल्याणच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होते. मंडळाचा अध्यक्ष आदेश याला खरं तर किल्ला हवा होता. बाप्पापुढे जंतू मांडायचे हे त्याला काही पटेना. उंदीर चालतो तर जंतू का नाही, असं दर्शनाने विचारलं तेव्हा तो हसला, आणि मांडवातली डावी बाजू त्यांना मिळाली.

देखावा साधा होता. कागदाच्या लगद्याच्या बाहुल्या, खालून तारेने हलवायच्या. आवणीत, म्हणजे भात लावताना, दिवसभर चिखलात उभं राहून बायकांच्या पायांना चिखल्या होतात, बोटांच्या बेचक्या कुजतात. गोळीवाला येतो, डब्यातून लाल-काळी कॅप्सूल काढतो, ती फोडून पूड बेचक्यात भरतो. कच्चे जंतू मरतात, चिवट उरतात. त्यांची पिलावळ वाढते, आणि पुढच्या आवणीला ती त्या पुडीला भीक घालत नाही. शेवटी प्रयोगशाळा, आणि तिथे नवी कामं शिकवलेले शहाणे जंतू हातात डबे घेऊन माणसांसाठी औषध बनवायला निघालेले. हा शेवट सुयोगचा लाडका होता. सगळं निवेदन त्यानेच आपल्या आवाजात कॅसेटवर भरलं होतं.

गोळीवाला त्याला मे महिन्यात, घरोघर फिरून प्रश्न विचारताना सापडला होता. गोळी ना, दादा देतो, असं लोक सांगत. खाकी शर्ट, मागे कॉलरला छत्री, हातात बिस्किटाचा डबा. दादा कोण, हे गावात नवख्या सुयोगने विचारलं नाही. लोक "देतो" म्हणत राहिले, त्यामुळे तो चैत्रातच गेला हेही त्याला कळलं नाही. नम्रताचे वडील वारले हे त्याला ठाऊक होतं. तेच हे दादा, हे नव्हतं.

वाल्मिकदादा भातसानगरला धरणावर कामाला होते. शनिवारी घरी निघताना कॉलनीतल्या ओळखीच्या घरांतून उरलेल्या गोळ्या मागून आणायचे आणि रविवारी सकाळी ओटीवर डबा उघडून बसायचे. प्रत्येकाचं दुखणं नीट ऐकून घ्यायचे, पण गोळी एकच द्यायचे, कारण मागे रांग असायची. लहानपणी नम्रता त्यांच्या शेजारी पाण्याचा तांब्या घेऊन बसायची. पुढे कॉलेजात जे शिकली ते त्यांना उन्हाळ्याच्या सुट्टीत समजावून सांगायचं, असं तिने ठरवलं होतं. सुट्टी लागण्याआधीच ते गेले.

संध्याकाळी मांडव भरला. धोंडूबाई पहिल्या रांगेत येऊन बसली. गेल्या वर्षी तिच्या चिखल्या काही केल्या बऱ्या होईनात. नेहमीची औषधं लागू पडेनात, आणि शेवटी इस्पितळात तिच्या उजव्या पायाचं एक बोट काढावं लागलं. तेव्हापासून ती नवख्या माणसाला स्वतःची ओळख नऊ बोटांची धोंडूबाई अशीच करून द्यायची. इस्पितळात जाण्याच्या दिवसापर्यंत तिने पायाला दादांचीच पूड लावली होती. तिने छत्री ओळखली असती, तर पुढचं सगळं तिला ओळीने समजलं असतं. आणि मग टोकावड्यात दादांचं नाव त्या बोटाबरोबरच निघालं असतं.

पडदा सरकला. कॅसेटमधून सुयोग बोलू लागला. त्याचं मराठी आकाशवाणीवरच्या बातम्यांसारखं स्वच्छ होतं. लोकांनी थोडा वेळ आदराने ऐकलं, मग मागच्या बायका आपसात बोलू लागल्या. गोळीवाल्याने प्रवेश केला आणि लाईट गेली.

भारनियमनाची वेळ परवाच बदलली होती, ते सगळेच विसरले होते. आदेशने गॅसबत्ती पेटवून पुढे टांगली. टेप मात्र मुका झाला. सुयोग त्याला उगाच चापट्या मारत राहिला.

"बोला की रे कोणतरी," बाहेरून आवाज आला. "जंतूंची वाचा गेली काय?"

गोळीवाल्याची तार नम्रताच्या हातात होती. तिने ती जराशी ओढली. बाहुल्याच्या हातातला डबा वर झाला.

"रांगेनं या रे," ती जाड आवाज काढून म्हणाली. "ढकलाढकली नको. सगळ्यांना एकेक. कोणाला कमी नाय, कोणाला जास्त नाय."

मग पाठीमागे कोणीतरी हसलं आणि ते हसू रांगा ओलांडत पुढे आलं.

"अरे, हा तर आपला वाल्मिकदादा."

सुयोगचा हात टेपवरच राहिला. त्याने दर्शनाकडे पाहिलं. दर्शनाने नम्रताकडे बघत होकाराची मान हलवली.

नम्रताला आता थांबता येईना. तिच्या तोंडून दादांनी गिरजाकाकूंच्या दाढेची चौकशी केली. आदेशला, तुझा खोकला विडीचा आहे, त्याला गोळी मिळायची नाही, असं सुनावलं. आदेशने हातातली विडी टाकून पायाने विझवली, त्यावर लोक आणखी हसले. दादांनी कॅप्सूल फोडली, पूड भरली. कच्चे जंतू आडवे पडले. दर्शनाने चिवट जंतूंना असं नाचवलं की पोरं उभी राहून बघू लागली. एकाचे दोन, दोनाचे चार. दादा पुन्हा पूड टाकत, आणि जंतू ती अंगाला लावून घेत आणखी नाचत.

धोंडूबाई हसत नव्हती. बसल्या जागेवरून ती बाहुल्याशीच बोलली.

"वाल्मिका, म्हंजे माझ्या पायात तू हेच पेरलंस काय रे?"

हसू थांबलं. नम्रताच्या तळव्यात तार रुतली. बाहुल्याची मान खाली गेली.

"मला ठाव नव्हतं गो," दादा म्हणाले. "ठाव असतं तर एक गोळी दिली नसती. डॉक्टरकडं धाडलं असतं तुला. तो देईल तेवढ्या सगळ्या तूच खा, असं सांगितलं असतं. नारळ वाटून खायचा, धोंडूबाई. गोळी वाटायची नाय."

धोंडूबाईने उजवा पाय जवळ ओढला आणि पदराच्या टोकाने त्याच्यावरचा नसलेला चिखल पुसला.

"मला तरी कुठं ठाव होतं," ती म्हणाली. "तुझ्या ओटीवर पयला नंबर माझाच असायचा." मग पाय पुन्हा सोडून, "हं, चालू दे पुढं."

पुढे प्रयोगशाळा आली. शहाणे जंतू डबे घेऊन ओळीने कामावर निघाले. यांना माणसांनी काम शिकवलंय, असं दादांनी सांगितलं.

"घ्या," धोंडूबाई शेजारणीला म्हणाली. "जंतू कामाला लागले. आमचा पोरगा अजून वट्यावरच बसलाय."

सगळा मांडव पुन्हा हसला. तेवढ्यात लाईट आली, आणि टेपमधून सुयोग अपुऱ्या मात्रेच्या दुष्परिणामांविषयी खणखणीत आवाजात बोलू लागला. आदेशने जाऊन वायर उपटली.

"तू गप रे," तो टेपला म्हणाला. "दादा बोलतोय."

आरती झाली. माणसं पांगली. सुयोग खुर्च्या एकात एक ठेवत होता. चार ठेवून झाल्यावर तो पडद्यामागे आला.

"नम्रता, मला खरंच—"

"बाहुला छान केलायस," ती म्हणाली. "नाक थोडं मोठं झालंय. बाबांना आवडलं नसतं."

सुयोगने बाहुल्याच्या नाकाकडे पाहिलं. उद्या घासून कमी करतो, असं तो अगदी गंभीरपणे म्हणाला. दर्शनाला हसू आवरलं नाही, आणि मग नम्रतालाही.

पडदा बाजूला झाला. धोंडूबाई लंगडत आत आली. तिच्या हातात प्रसादाच्या खोबऱ्याचा तुकडा होता. तिने तो दातांनी मोडला, एक भाग नम्रताच्या तळव्यावर ठेवला, दुसरा स्वतःच्या तोंडात टाकला. मग चघळत चघळत बाहुल्याला पुढून पाहिलं, वळसा घालून मागून पाहिलं. त्याच्या खाकी कॉलरमध्ये बोट घालून चाचपलं.

बाहेर भुरभुर सुरू झाली होती. मांडवाच्या ताडपत्रीवर तिचा बारीक आवाज येत होता.

"छत्री कुठं हाय गो त्याची?" धोंडूबाईने विचारलं.

नम्रता टेबलाखाली वाकली.