सातचा स्टॉक

माझं डोकं मुळातच गरम, त्यात हा रिपोर्ट. काल्हेरच्या आमच्या गोडाऊनमधून मिक्सर नि इस्त्र्या बाहेर जातात. दिवसभरात निघालेला माल मी कॉम्प्युटरवर चढवते आणि साडेसहाला घरी जाते. सातला त्याचा रिपोर्ट आपोआप मुंबईच्या हेड ऑफिसला जातो आणि तिथल्या स्क्रीनवरचा स्टॉक कमी होतो. व्हायला हवा. पण एप्रिलपासून कधी व्हायचा, कधी अर्धाच व्हायचा. एकदा पाठवलेलं प्रोग्रॅम परत पाठवत नसे, म्हणून स्क्रीनवर माल जास्त नि गोडाऊनमध्ये कमी दिसायला लागला.

मी मोडेम बदलला, वायर बदलली, सॉफ्टवेअरवाल्याला इतकं झापलं की तो माझा फोन उचलेनासा झाला. माझ्या कॉम्प्युटरवर हिशोब चोख जुळत होता. पण हेड ऑफिसच्या साहेबांनी फोनवर ऐकवलं, तिथं टाइप तर तुम्हीच करता. एकतर एन्ट्री खोटी आहे, नाहीतर माल चोरीला जातोय.

एन्ट्री माझी, माल केसरीकाकांच्या ताब्यात. केसरीनाथकाका अंजूरचे, बाबांना दादा म्हणणारे, आमच्या गोडाऊनचे सुपरवायझर. त्यांनी एक इस्त्री हलवली नसणार हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी घाबरून माझ्याच तोंडातून निघालं, गेटवर सगळ्यांची झडती घेऊ. आणि 'सगळ्यांची'तले पहिले काकाच होते. ड्रायव्हर, हमाल बघत होते. मी त्यांच्या डब्याचं झाकणसुद्धा उघडून पाहिलं. काकांनी मान खाली घातली नाही, मीच घातली.

एवढं करूनही आकडे जुळेनात. शेवटी हेड ऑफिसनं देवेशला पाठवलं. या पोराला काकांना कामावरून काढायचं की नाही, हे ठरवून जायचं होतं. मी म्हटलं, आधी एकदा सातपर्यंत इथं बसून बघू. तिसरे काकाच होते, भिंतीला टेकून उभे.

सात वाजले, रिपोर्ट जायला लागला, आणि ट्यूबलाइट गेल्या. यूपीएसवर कॉम्प्युटर चालूच राहिला, पण मोडेमचे दिवे विझले. त्याला यूपीएसला जोडायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. रिपोर्ट अर्ध्यावर अडकला. थोड्या वेळानं लाइट आली आणि स्क्रीनवर आलं, डेटा पाठवला. मेल्या, कसला पाठवला!

खिडकीतून मला बाबा दिसले. हात अजून मेन स्विचवर होता.

ही जमीन आमची. बाबांनी ती गोडाऊनसाठी देताना दोन अटी घातल्या होत्या. पोरीला नोकरी आणि कोपऱ्यातला आमच्या चेडोबा देवाचा दगड हलवायचा नाही. दिवेलागणीला तिथं दिवा लावायचा आणि तो नीट पेटेपर्यंत दुसरा उजेड नको म्हणून मेन बंद करायचा, हे ते रोज करत. हिवाळ्यात दिवेलागण लवकर होते. उन्हाळ्यात ती नेमकी सातला येते.

देवेशनं विचारलं, काय झालं? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मी म्हटलं, लोडशेडिंग.

काका माझ्याकडे बघत राहिले.

बाबाच आत आले. "लाइट गेली न्हाय, मी बंद केली. देवाचा दिवा लावायचा व्हता."

देवेश हसायला लागला. मग त्यानं बाबांना सगळं समजावून सांगितलं, रिपोर्ट कसा अडकतो नि त्यावरून काकांवर कसा आळ आला. झडतीचंही सांगितलं. बाबांचा चेहरा उतरत गेला. गावात कुणापुढे न वाकलेला माणूस काकांपुढे हात जोडून उभा राहिला.

काकांनी ते हात आपल्या हातात धरले. "दादा, तुमी कशाला? तुमी दिवा लावत व्हता. झडती तुमी न्हाय घेतली."

"मंग कोनी घेतली?" बाबांनी विचारलं.

काकांनी नजर खिडकीकडे वळवली. देवेश स्क्रीनकडे बघायला लागला. बाबा एकेकाच्या तोंडाकडे बघत होते आणि माझ्याकडे बघायचं त्यांच्या मनातसुद्धा येत नव्हतं. त्या भरवशाचीच मला जास्त लाज वाटली.

"मी," मी म्हटलं.

बाबांनी माझ्याकडे पाठ केली. काकांचे हात त्यांनी सोडले नाहीत, त्यांना धरूनच ते बाहेर गेले.