बावीस तंबूंवरचे धुके

मित्रांनो, संग्रहालयातल्या काचेमागची ही गंजकी पत्र्याची डबी म्हणजे मी, एक जुनी रंगपेटी. माझ्या हातून एक अख्खी वस्ती नाहीशी झाली आहे.

माझा जन्म बॉस्टनचा. चित्रकार टारबेलसाहेबांनी मला घेतले, खेचरावर लादले आणि सरकारी मोजणीपथकाबरोबर कोलोराडोच्या डोंगरांत नेले. तिथे माझ्या निळ्या रंगाची फार वाहवा होई आणि मी फुगून जाई.

पथकाचा वाटाड्या होता तिथल्याच मूळच्या यूट जमातीचा कासिमिरो. त्याने आपल्या लोकांची दरी परक्यांना दाखवली, ती एका अटीवर.

"साहेब, आमचे तंबू चित्रात आले पाहिजेत. बावीसच्या बावीस! तुमच्या राजधानीत कळू दे, इथं माणसं राहतात."

"अरे, तुझं कुत्रंसुद्धा काढतो!" साहेब म्हणाले.

त्यांनी खरेच काढले. कासिमिरोने बोटाने तंबू मोजले आणि तो हसला.

तीन दिवसांनी पथकाचे प्रमुख कॅप्टन व्हिटलॉक यांनी चित्र पाहिले. "झकास! पण ही पिसवांसारखी तंबूंची रांग कशाला? लोकांना रिकामी जमीन बघायची असते."

"मी शब्द दिलाय त्याला."

"मग शब्दच कुरवाळत बसा. पुढच्या मोहिमेला दुसरा चित्रकार बघतो मी."

साहेबांनी पाणी मागवले. कासिमिरोनेच ते झऱ्यावरून हौसेने आणून दिले. त्याची पाठ वळताच त्याच पाण्याने त्याची घरे पुसली गेली आणि वर माझ्या पांढऱ्या रंगाचे धुके पसरले. इतके सुंदर धुके मी पुन्हा कधी दिले नाही. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला होता, हे सांगताना आज लाज वाटते.

दोन वर्षांनी त्या दरीत घोडदळ आले. साहेबही बरोबर होते आणि त्यांच्या थैलीत मी. अधिकाऱ्याने त्या चित्राची छापील प्रत उघडली.

"मोजणीच्या वेळी इथं चिटपाखरू नव्हतं. तुम्ही नंतर घुसलात."

कासिमिरोने साहेबांची बाही धरली. "यांनी एकेक तंबू काढलाय! सांगा की हो, साहेब!"

साहेबांनी घसा खाकरला. "मी जे पाहिलं, तेच काढलं."

तंबू पेटवले गेले. कासिमिरोची म्हातारी आई जागची हलेना, तेव्हा तिला दोराने बांधून नेले. धुराला जांभळी छटा फार छान आली होती, म्हणून साहेबांनी मला तिथेच उघडले.

मित्रांनो, मला पुसून लखलखीत ठेवा, असे मी मागत नाही. शेजारच्या भिंतीवर ते धुक्याचे चित्र टांगले आहे. त्याच्यापुढे उभे राहून, "किती निवांत जागा!" एवढे मात्र म्हणू नका.