दुकान मंगल व्हायच्या आधी

"माझी मैत्रीण व्हायला कोण तयार आहे?"

मराठीचा तास संपला होता, बाई फळा पुसत होत्या आणि पलकने भर वर्गात उभं राहून हे विचारलं, तेही खणखणीत आवाजात. नववीचा अख्खा वर्ग तिच्याकडे वळला. मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि ते हसू बाकाबाकावरून पुढे येत गेलं. बाईंनी डस्टर खाली ठेवलं. "पलक, बस खाली," एवढंच म्हणाल्या, त्याही हसू दाबत.

पलक बसली. कान तापले होते, पण आतून गंमतही वाटत होती, कारण ही आगाऊ कल्पना तिची नव्हतीच. ती धुळ्याहून आली होती. दिपमाला आणि सारिका या तिच्या जिवाच्या मैत्रिणी, बालवाडीपासून तिघी एका बाकावर. यंदा शाळा सुरू व्हायच्या वेळेस पप्पांनी धुळ्याचं घर सोडलं आणि ते जळगावला दादाजींच्या दुकानात आले. तेव्हापासून तिघींची भेट व्हायची ती कॉम्प्युटरवरच्या व्हिडिओ कॉलवर. तिथेच सारिकाने डिवचलं होतं, "दिवाळी होऊन गेली तरी एक मैत्रीण जमवता येईना तुला? हिंमत असेल तर वर्गात उभी राहून विचार."

धुळ्याला असताना पलक वर्गात हजेरी द्यायलाही लाजायची. इथे तिला कुणी ओळखतच नव्हतं, मग लाजायचं कुणाला? विचारून टाकलं.

शाळा सुटल्यावर ती सायकलचं कुलूप काढत होती, तर शेवटच्या बाकावरची मेघा शेजारून चालली होती. मेघा रोज असोद्याहून एसटीने यायची. ती थांबली आणि म्हणाली, "असं विचारून मैत्री होते का व?"

"मग कशी होते?"

"मले काय माहीत. बस चुकेल माझी." आणि गेली.

पलकला त्याचं काही वाटलं नाही, कारण तिच्या पोटात एक मोठी बातमी होती. पप्पा-मम्मीने तिला विचारलं होतं, की इथे करमत नसेल तर धुळ्याला नानांकडे, मम्मीच्या वडिलांकडे, राहून जुन्याच शाळेत जाशील का. तिथल्या मोठ्या बाई तिला परत घ्यायला तयार होत्या, फक्त शनिवारपर्यंत कळवायचं होतं. पलकने मनातल्या मनात केव्हाच होकार दिला होता. कपड्यांची पिशवीही भरली होती. पण घरात सांगायच्या आधी तिला ते दिपमाला-सारिकाला सांगायचं होतं. आधी वर्गातला किस्सा, मग ही बातमी. त्या दोघी कशा किंचाळतील, हे ती सायकल मारताना रस्ताभर ऐकत होती.

दुकान दोरखंडाचं होतं. केळीला बांधायची सुतळी, बैलांच्या कासऱ्यांचे दोर, ताडपत्र्या. वरच्या मजल्यावर घर, आणि दुकानामागच्या गोदामात, सुतळीच्या गठ्ठ्यांमध्ये, एका लाकडी टेबलावर तिच्या भावाचा, रोनकदादाचा, जुना कॉम्प्युटर. दादा पुण्याला इंजिनियरिंगला गेला तेव्हा त्यावर विंडोजऐवजी लिनक्स टाकून तिला देऊन गेला होता. दहावी होईपर्यंत मोबाईल नाही, हा घरचा कायदा, आणि पप्पांचा फोन दिवसभर दुकानाच्या कामात. म्हणून धुळ्याला जायचा रस्ता तो एवढाच.

तिने बटण दाबलं. पंखा घुमला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर वर सरकल्या आणि थांबल्या. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, कर्नल पॅनिक.

तिने बंद करून परत लावला. परत तेच. वायरी काढून फुंकर मारून बसवल्या, आतली रॅमची पट्टी खोडरबराने घासली, देवाचं नाव घेतलं. परत तेच. कर्नल म्हणजे मशीनचा गाभा, सगळ्यात आधी तो उठतो आणि मग बाकीच्यांना उठवतो, असं दादाने एकदा समजावलं होतं. तो उठायलाच तयार नव्हता. पण काल तर सगळं नीट होतं.

काल. तिला आठवलं आणि तिने कपाळावर हात मारला. काल मशीनने अपडेट करू का विचारलं होतं. नवा कर्नलही येणार होता. तिने हो म्हटलं आणि ते चालू ठेवून वर जेवायला गेली.

आणि खाली दादाजींनी दुकान मंगल केलं.

त्यांच्याकडे दुकान 'बंद' केलं असं कुणी म्हणत नाही, ते अशुभ. दुकान मंगल करतात. दादाजी गादीला हात जोडतात, धूप फिरवतात आणि लगेच मेन स्विच खाली ओढतात. एकदा मेन पडला की सकाळी पहिला धूप होईपर्यंत तो कुणी वर करायचा नाही. पप्पांनीसुद्धा नाही. धुळ्याला घर वेगळं, दुकान वेगळं, त्यामुळे पलकला याची कधी झळ लागली नव्हती. गोदामाची वीज दुकानाच्याच मेनवर आहे, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. नवा कर्नल अर्धा बसला आणि अर्ध्यात अंधार झाला.

पप्पांच्या फोनवरून तिने पडद्याचा फोटो दादाला पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या, म्हणजे त्याने बघितला, पण उत्तर नाही. चौकातल्या दुरुस्तीवाल्याला पप्पांनी विचारलं, तर तो म्हणाला, "फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो." पलक म्हणाली, "हात लावू देऊ नका."

त्या रात्री तिला धुळ्याच्या दोघींची फार आठवण आली. आपण कॉलवर दिसलो नाही म्हणून त्या काळजीत असतील, सारिका चिडली असेल, दिपमाला रडवेली झाली असेल. आज ना उद्या पप्पांच्या फोनवर एखादा निरोप येईल असं तिला वाटत राहिलं. दुसऱ्या दिवशीही शाळेतून आल्या आल्या तिने आधी तो फोन बघितला. त्यात सुतळीचे भाव आणि नातेवाइकांनी पाठवलेली गुड मॉर्निंगची फुलं होती. गोदामात बसून ती काळ्या पडद्याकडे बघत राहिली, पुढे दुकानात गिऱ्हाइकांचा गलका आणि मागे ती एकटी, ज्यूटच्या वासात.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत ती डबा उघडून बसली होती, तर मेघा येऊन उभी राहिली.

"सुरू झाला का तुहा कॉम्प्युटर?"

पलक चमकली. "तुला कुणी सांगितलं?"

"तूच तर काल बाईंना सांगत होती, गृहपाठ का नाही केला ते."

"नाही झाला अजून."

"बरं," म्हणून मेघा आपल्या जागेवर गेली.

त्या संध्याकाळी दादाचा एका ओळीचा निरोप आला. 'जुना कर्नल आत असेल अजून, सुरू होताना शिफ्ट दाबून धर, मेनू येईल. लॅबमध्ये आहे.' पलक जिना उतरून धावत गोदामात गेली. बटण, लगेच शिफ्ट. हुकलं. परत. तेही हुकलं. मग शिफ्टवर बोट ठेवूनच बटण दाबलं आणि मेनू आला. त्यात आणखी आत एक यादी, वर नवा कर्नल, खाली जुना. तिने जुना निवडला आणि एंटर दाबलं. ओळी सरकल्या, सरकत राहिल्या, आणि तिच्या ओळखीचं निळं चित्र पडद्यावर आलं.

तिने दुरुस्तीबिरुस्ती काही केली नाही. आधी कॉल लावला.

दिपमालाच्या घरी खोलीभर पोरी होत्या. पलकच्या ओळखीच्या निम्म्याच. गॅदरिंगच्या नाचाची तयारी चालली होती.

"काय व पलक, बठ्ठं बरं शे ना?" दिपमाला धापा टाकत म्हणाली.

"अगं, बरं कुठलं, माझा कॉम्प्युटर बंद पडला होता. म्हणून आले नाही."

"हो का? कधी?"

"तीन दिवस झाले."

"अय्या. आम्ही प्रॅक्टिसलाच असतो ना, कळलंच नाही." मागून सारिकाने हात हलवला आणि गाणं परत लावायला गेली. एक उंच मुलगी पडद्याजवळ येऊन म्हणाली, "दिपे, चल ना, माझी स्टेप चुकते."

पलक थांबली. वर्गात विचारलंस का, असं आता कुणीतरी म्हणेल. ती हसरं तोंड करून थांबून राहिली.

"काही काम होतं का गं?" दिपमालाने विचारलं.

"नाही. सहज."

"उद्या बोलू मग. बाय."

पडदा रिकामा झाला. पलक हात मांडीवर ठेवून बसली. रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. बातमी मात्र पोटातच राहिली, आणि तिला कळलं की ती ज्या बाकावर परत जाणार होती तिथे तिची वाट कुणी बघत नव्हतं.

जुन्या कर्नलवर मशीन चालत होतं, तसंच ठेवता आलं असतं. पण खुर्ची पुढे ओढून ती शोधायला लागली. अर्धवट अपडेट कसं पुरं करायचं ते इंटरनेटवर सापडलं. तिने आज्ञा एकेक अक्षर तपासून लिहिली. ओळी हळूहळू पुढे जाऊ लागल्या. तेवढ्यात धुपाचा वास आला.

ती धावत दुकानात आली. दादाजींचा हात मेनवर होता.

"दादाजी, थांबा. आज जरा थांबा."

"धूप झाला बेटा. आता मंगल."

"मागच्या वेळी याच्यानेच बिघडलं. मी बोलले नाही, कारण चूक माझी होती, मी सांगायला हवं होतं. आज सांगतेय."

सुरेशचंद दादाजींनी नातीकडे बघितलं. ही पोरगी घरात आल्यापासून त्यांच्याशी एवढी वाक्यं सलग बोललीच नव्हती. त्यांनी हात काढला, गोदामात येऊन सुतळीच्या गठ्ठ्यावर बसले आणि विचारलं, "किती वेळ?"

"माहीत नाही."

"बरं," ते म्हणाले आणि पडद्याकडे बघत बसले, जणू गिऱ्हाईक यायचं आहे. ओळी पुऱ्या होऊन थांबल्या. पलकने मशीन बंद करून लावलं. या वेळी काहीच दाबलं नाही. नवा कर्नल आपला आपण उठला. पलकने मशीन नीट बंद केल्यावर दादाजींनी उठून मेन खाली ओढला आणि दोघं अंधारात जिना चढले.

वर पप्पा जेवत होते. मम्मीने पलकचं ताट वाढलं.

"उद्या शनिवार," पप्पा म्हणाले. "धुळ्याला काय कळवू?"

पलक ताटाशी बसली नाही. उभ्यानेच बोलली, वर्गात बोलली होती तेवढ्याच खणखणीत आवाजात. "कळवा की पलक येत नाही. इथे मला अजून कुणी मैत्रीण नाही, एकटं वाटतं, आणि अजून बरेच दिवस वाटेल. तरी मी इथेच राहणार आहे. दहावीसुद्धा इथूनच देणार."