प्रोब काढल्यावर

त्या पत्र्याच्या खोलीचं दार फ्रिजसारखं घट्ट बसायचं, आणि ते बसलं की मोबाइल मेल्यागत पडायचा. बाहेरच्या रेडिओलहरी आत येऊ नयेत म्हणून बांधलेली खोली. आत बसणाऱ्या माणसाचं काय, याचा विचार करायला कुणाला सवड झाली नव्हती. आत बसायची चिमटीताई. अंबाड्यात कायम बारीक सुटे भाग उचलायचा चिमटा खोचलेला, म्हणून हे नाव.

तिची लेक दुसऱ्या गावी, चिमटीताईच्या आईकडे होती. तिथेच चिमटीताईला नोकरीही मिळाली होती. पण साहेब गोड हसून म्हणाले होते, एवढी चिप मार्गी लावा आणि खुशाल जा. तेव्हापासून ती चिप तिच्या मानगुटीवर बसली होती.

रेडिओलहरी वाढवणाऱ्या अँप्लिफायरला वीज द्यायची आणि हुकूम आला की तोडायची, एवढंच चिपचं काम. पण ही बया कुणी न सांगता मधेच वीज तोडायची. का तोडते ते बघायला हुकूम येतो त्या पिनेवर स्कोपचा, म्हणजे विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राचा, टोकदार प्रोब टेकवला, की साळसूद. पडद्यावर सरळ रेघ. प्रोब काढला की पुन्हा थेरं सुरू. चिप बदलून झाल्या, पुरवठादाराला शिव्या घालून झाल्या. साहेब येता-जाता म्हणायचे, "तुम्ही हात लावलात की चालतं बघा. तुम्हाला सोडून कसं भागेल?" त्यांना तो विनोद वाटायचा.

लेक आधी फोनवर रोज विचारायची, कधी येणार. मग विचारेनाशी झाली. आज आई म्हणाली, खेळतेय ती, बोलावू का? चिमटीताई म्हणाली, राहू दे. मग खोलीत जाऊन तिने दार लावून घेतलं आणि ती पोटभर रडली.

डोळे पुसून तिने प्रोब टेकवला, अँप्लिफायर चालू केला. चिप गुमान चालली. बऱ्याच वेळाने तिचं लक्ष पडद्याकडे गेलं. पडदा काळा होता. रडण्याच्या नादात स्कोप चालू करायचाच राहिला होता.

म्हणजे प्रोब नुसता टेकला तरी पुरत होता. अँप्लिफायरच्याच लहरी उलट फिरून त्या पिनेवर चढत होत्या, चिपला तोच बंद व्हायचा हुकूम वाटत होता, आणि प्रोबचं टोक त्या लहरी गिळून टाकत होतं. इतके दिवस औषध हातात धरून ती रोग शोधत होती. तिला स्वतःचाच राग आला.

तिने अंबाड्यातला चिमटा काढला, प्रोबच्या टोकासारखाच लहरी गिळणारा, खसखशीच्या दाण्याएवढा कपॅसिटर उचलला आणि त्या पिनेशी सोल्डर केला.

साहेब आले तेव्हा ती बाहेर, बंद दाराला टेकून उभी होती. अँप्लिफायरची वीज दाखवणाऱ्या, बाहेरच्या भिंतीवरच्या मीटरचा काटा जागचा हलत नव्हता. साहेब खूश होऊन म्हणाले, आता तर तुम्हाला मुळीच सोडत नाही, पुढचा बोर्डही तुमच्याच हाती.

तिने दोन्ही रिकामे हात पुढे केले. "साहेब, प्रोब टेबलावर आहे. मी बाहेर आहे. आणि आत चालू आहे."

साहेबांनी काट्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. हसू मावळलं. "कधी निघताय?" त्यांनी विचारलं.

तिने तेवढ्यात आईला फोन लावलाही होता. "खेळत असली तरी बोलाव तिला," ती म्हणाली.