पुलापलीकडचा पत्ता

नॉर्लीन प्रुइटचं भाड्याचं घर विकलं गेलं, तेव्हा शाळा सुरू होऊन महिना झाला होता. घरमालक थकला होता, त्याला फ्लोरिडाला मुलीकडे जायचं होतं. माणूस वाईट नव्हता. जाताना त्याने तिला आपलं गवत कापायचं यंत्र घेऊन जा म्हणून सांगितलं. नॉर्लीनकडे कापायला गवतच उरलं नव्हतं, पण तिने आभार मानले.

ती ब्रेनर्ड फॉल्समध्ये एका दातांच्या दवाखान्यात फोन घ्यायचं काम करायची. तेवढ्या पगारात परवडेल असं दुसरं घर गावात काही मिळेना. शेवटी नऊ वर्षांच्या ब्रायनीला घेऊन ती पुलापलीकडे टॅनरला, व्हर्ना मावशीच्या तळघरात राहायला गेली.

पूल एवढासा. अलीकडे कोणी शिंकलं तर पलीकडून ‘जपा’ म्हणतील. पण त्याच्या मधोमध हद्द जाते. अलीकडची मुलं ब्रेनर्डच्या शाळेत, पलीकडची टॅनरच्या. आमच्या ओहायोत शाळा बऱ्याचशा घरपट्टीवर चालतात, त्यामुळे सख्खे भाऊ बांधासाठी भांडतात तशी लोकं या रेषेसाठी भांडतात. पलीकडचं मूल अलीकडच्या वर्गात बसलेलं दिसलं, की कोणीतरी शाळेच्या कचेरीत फोन करतंच.

टॅनरची शाळा काही वाईट नव्हती. अडचण निराळी होती. ब्रायनीला जन्मापासून कमी ऐकू यायचं. कानात यंत्रं होती, पण चार मुलं एकदम बोलायला लागली की तिला नुसता गलका ऐकू येई. दुसरीत गेल्यावर मिसेस लिंडक्विस्ट नावाच्या बाईंनी सगळ्या वर्गाला खुणांची भाषा शिकवायला घेतली. मुलांना ते भारीच आवडलं, कारण गणिताच्या तासाला आवाज न करता गप्पा मारता यायच्या. मान खाली घालून बसणारी ब्रायनी वर्षभरात इतकी बदलली, की एक दिवस बाईंनी दवाखान्यात फोन करून तक्रार केली : तुमची मुलगी वर्गात फार बोलते. रांगेत बसलेल्या पेशंटांसमोर नॉर्लीन फोन धरून हसत राहिली होती.

हे सगळं सोडून मुलीला नव्या शाळेत न्यायचं तिच्या जिवावर आलं. तिने शाळेला काही कळवलंच नाही. रोज सकाळी ती ब्रायनीला गाडीत घालून पूल ओलांडायची, जुन्या गल्लीच्या कोपऱ्यावर सोडायची, आणि पिवळी बस आली की मुलगी नेहमीसारखी तिच्यात चढायची.

“कोणी विचारलं तर सांगायचं, आम्ही निळ्या घरात राहतो,” नॉर्लीनने तिला बजावलं.

“पण तिथल्या नव्या लोकांनी घराला पांढरा रंग दिलाय,” ब्रायनी म्हणाली.

“मग पांढऱ्या घरात.”

ब्रायनीने हनुवटीजवळ बोट आडवं फिरवलं. ती खूण नॉर्लीनला चांगली कळत होती. खोटं.

थंडी पडली तशी एक करडी गाडी त्यांच्या मागे यायला लागली. पहिल्यांदा नॉर्लीनने दुर्लक्ष केलं. दुसऱ्या दिवशी ती गाडी मावशीच्या घरासमोर उभी होती, तिसऱ्या दिवशी पुलावर बरोबर मागे. पलीकडच्या परगण्यात कुणा आईवर पत्ता खोटा दिल्याबद्दल पोलीस केस झाली म्हणून तिने दवाखान्यात ऐकलं होतं. खरंखोटं देव जाणे, पण तिला जेवण जाईना.

“करड्या गाडीतला बुवा तुझ्या मागे लागलाय,” मावशी म्हणाली. “मी तिशीत असताना एकही लागला नाही.”

“मावशी, थट्टा नको गं. त्यांनी ब्रायनीला वर्गातून उठवलं तर?”

“उठवलं तर बघू. आधी सूप संपव.”

शनिवारी सकाळी तो माणूस दारावर आला. एमेट किंब्रो त्याचं नाव. पोलिसातून निवृत्त होऊन आता शाळेच्या कचेरीसाठी पत्ते पडताळायचं काम करायचा. उंच, वाकलेला, टोपी हातात घेऊन उभा.

“ब्रायनी प्रुइट इथे राहते का?” त्याने विचारलं.

“कोण विचारतंय त्यावर आहे,” मावशी दार अडवून म्हणाली. “आठवडाभर बाहेर गाडीत बसून थंडी खाल्लीत. एकदा बेल वाजवली असती तर कॉफी तरी मिळाली असती.”

“आता मिळाली तरी चालेल, बाई.”

मावशीने नाइलाजाने त्याला आत घेतलं. आवाज ऐकून नॉर्लीन तळघराच्या जिन्यावरून वर आली आणि त्याला पाहून तिथेच थबकली. बहाणे तिने पुष्कळ जुळवून ठेवले होते. मुलगी इथे फक्त शनिवार-रविवार येते, वगैरे. पण ऐन वेळी एकही तोंडातून निघेना.

“आम्ही इथेच राहतो,” ती म्हणाली. “सप्टेंबरच्या शेवटापासून.”

किंब्रोने मान डोलावली. “झोपता कुठे?”

तिने दाखवलं. तो जिन्यावरून वाकून खाली बघत राहिला. बॉयलरच्या बाजूला जमिनीवर एक गादी, तिच्यावर दोन उशा. पाण्याच्या पाइपावर ब्रायनीचे कपडे वाळत घातलेले. गादीवर बसून ब्रायनी चित्र काढत होती. तिने वर बघितलं आणि हात हलवला. त्यानेही हलवला.

“जुनं घर का सोडलंत?”

“विकलं गेलं. दुसरं परवडेना.”

त्याने कॉफी संपवली. निघताना एवढंच म्हणाला, “सोमवारी सकाळी कचेरीत या. मिसेस हॅलोरन यांना भेटा, दुसऱ्या कुणाला नाही. आणि तोवर मुलीला शाळेतून काढू नका.”

“म्हणजे काय समजायचं आम्ही?” मावशीने विचारलं.

“मला जेवढं सांगता येतं तेवढं सांगितलं, बाई.”

रविवार कसा गेला ते नॉर्लीनलाच ठाऊक. तिने ब्रायनीला जवळ बसवून सांगितलं, की कदाचित शाळा बदलावी लागेल. ब्रायनी रडली नाही. तिने यंत्रं कानातून काढून टेबलावर ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. तिला कुणाचंच ऐकायचं नसलं की ती असं करायची.

सोमवारी मावशी सोबत आली. नको म्हटलं तरी आली, आणि चर्चला जाताना घालते तो कोट घालून आली. मिसेस हॅलोरन साठीच्या, चष्मा कपाळावर सरकवलेल्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी दोघींना बसवलं. नॉर्लीनने सुरुवातच केली : “चूक माझी आहे. मुलीची नाही. काय शिक्षा असेल ती मला करा.”

“शिक्षा कसली?” हॅलोरनबाई म्हणाल्या. “मला आधी सांगा, मावशींकडे तुम्ही हौसेने राहायला गेलात, की दुसरीकडे जायला जागा नव्हती म्हणून?”

“जागा नव्हती म्हणून.”

“आणि जमिनीवर झोपता.”

“गादी आहे,” मावशी मध्येच म्हणाली. “चांगली गादी आहे.”

“असणारच. पण कायद्याच्या भाषेत, घर गेल्यामुळे जो दुसऱ्याच्या घरी आसऱ्याला राहतो, तो बेघर. आणि बेघर मुलाला पत्त्याचा नियम लागू होत नाही. ज्या शाळेत ते आधीपासून शिकतंय, तिथेच शिकायचा त्याला हक्क आहे. पूल ओलांडला म्हणून तो हक्क जात नाही.”

नॉर्लीनला पुढचं ऐकूच आलं नाही. ‘बेघर’ या शब्दापाशीच ती अडली होती. “आम्ही बेघर नाही,” ती म्हणाली. “मी नोकरी करते. माझ्या मुलीच्या अंगावर रोज धुतलेले कपडे असतात.”

“आणि माझं घर काय कोंबड्यांचं खुराडं आहे?” मावशी तापली. “छप्पर माझ्या नवऱ्याने स्वतः घातलंय.”

हॅलोरनबाईंनी त्यांना बोलू दिलं. मग शांतपणे म्हणाल्या, “शब्द मलाही आवडत नाही. पण आत जायचा दरवाजा तोच आहे. वर्गात हे कुणाला कळणार नाही, बाईंनासुद्धा सांगायची गरज नाही. ब्रायनी आज जिथे बसली आहे तिथेच उद्याही बसेल. शिवाय तिला घ्यायला गाडी तुमच्या दारात येईल.”

“कुठे, टॅनरला?” नॉर्लीनने विचारलं.

“मावशींच्या दारात. मिस्टर किंब्रो शनिवारी तिथून निघाले ते थेट माझ्या घरी आले. बेघर मुलांचं काम माझ्याकडे असतं ना. म्हणाले, ही फसवणुकीची केस नाही, ही तुमची केस आहे.”

नॉर्लीनने पर्स उघडली, काही शोधल्यासारखं केलं आणि परत मिटली. आपण कोपऱ्यावर चोरासारख्या उभ्या राहत होतो, आणि हा हक्क सगळा वेळ आपलाच होता, हे तिच्या हळूहळू ध्यानात येत होतं. राग यायला हवा होता, पण खांदे एकदम सैल पडले आणि रागाला जागाच उरली नाही.

“आणि घर मिळालं की?” तिने विचारलं.

“ज्या वर्षी मिळेल ते शाळेचं वर्ष संपेपर्यंत ती इथेच. त्यानंतर मात्र नवा पत्ता बघावा लागेल.”

“मग सावकाश शोध,” मावशी म्हणाली.

बाहेर येऊन नॉर्लीन गाडीत बसली, पण किल्ली फिरवेना. ती रडत होती. मावशीने खिडकीबाहेर बघत तिला हवं तेवढं रडू दिलं. मग म्हणाली, “चल, पोरीला सांगून येऊ. सकाळी यंत्रं न घालताच निघाली होती ती, मी बळंच तिच्या दप्तरात टाकली.”

मधल्या सुट्टीत ब्रायनी मैदानावर एकटी भिंतीला टेकून उभी होती. नॉर्लीनने कुंपणापलीकडून हात हलवले. खुणा तिच्या अजून मोडक्यातोडक्याच होत्या : तू. इथे. राहणार. ब्रायनीने खात्री करायला त्याच खुणा परत केल्या. नॉर्लीनने मान हलवली. मग मुलगी वळली आणि मैत्रिणींच्या घोळक्याकडे पळाली, आईला टाटासुद्धा न करता.

आठवड्याभरात गाडी मावशीच्या दारात यायला लागली. पहिल्या दिवशी नॉर्लीन सवयीने अंधारातच उठली होती. ब्रायनी चढली, गाडी पुलाकडे वळली, आणि नॉर्लीन झग्यातच ओसरीवर उभी राहिली. कामावर जायला अजून बराच अवकाश होता. तिला काय करावं कळेना.

“काय झालं?” मावशीने आतून विचारलं.

“काही नाही,” ती म्हणाली. आणि खाली जाऊन, गादीवर पांघरूण ओढून, परत झोपली.